रिकामा खिसा देऊ नये

"...शैलाचे कपडे घालून, अगं रोज! फर्स्ट शिफ्टच्या टायमाला—"

एवढंच ऐकू आलं आणि लिफ्टचं दार बंद झालं. आत पाचव्या मजल्यावरची रेखा आणि तिची जाऊ. बाहेर मी, हातात दळणाचा डबा. डब्यासकट जिन्याने पळाले. तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्टच्या बरोबरीने होते, पुढे गुडघ्यांनी दगा दिला. पाचव्यावर पोचले तर रेखाचं दार बंद!

आमच्या चिखलीच्या सोसायटीत मला मागून 'चौकशीची खिडकी' म्हणतात, हे मला माहीत आहे. म्हणोत. शिवणाऱ्या बाईच्या मशीनखाली चिंध्या साठतात, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. झाडून टाकावं म्हटलं तर त्यातलीच एखादी चिंधी पुढे ठिगळाला नेमकी उपयोगी पडते. म्हणून टाकत नाही.

पण लिफ्टमधलं ते अर्धं वाक्य ऐकून मला रात्रभर झोप नाही. कारण शैला दिवाळीआधीच गेली. आणि तिच्या कपड्यांचं गाठोडं आहे माझ्या शेजारी, कुंदाकडे, माझ्या भिंतीच्या पलीकडे. म्हणजे रोज पहाटे ते कपडे घालून फिरतंय कोण? कुंदाच ना?

तिघी होतो आम्ही. एक गेली. दुसरीचं डोकं असं फिरायला नको हो!

*

आम्ही तिघी रोज सकाळी फिरायला जायचो. एका कडेला कुंदा, एका कडेला मी आणि मधे शैला, कारण तिला दोघींशी एकदम बोलायचं असायचं. फिरून आलं की त्या दोघी शिवायला बसायच्या आणि मी बघायला बसायचे. बघणाराही लागतोच की कुणीतरी!

शिवायच्या काय, तर कंपनीचे जुने युनिफॉर्म. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस कंपनीत. वर्षाला दोन जोड मिळतात, नवा आला की जुना माळ्यावर. टाकवत नाही, कारण कापड कसलं! फाटत नाही, विटत नाही, ग्रीस लागलं तरी पोत जात नाही. त्याच्या पिशव्या, खुर्चीच्या गाद्या, गोधड्या, काय वाटेल ते करायच्या. कुंदा कापायची आणि जोडायची. खिसे लावायचं काम शैलाचं.

शैला चाकणकडच्या खेड्यातली, बोलणं तसंच रांगडं. नवऱ्याची पँट दोन्ही हातांनी ताणून म्हणायची, "माणूस रिटायर हुईल, पर ही पँट न्हाई व्हायची!"

*

एकदा आमच्या चेअरमनच्या बायकोने साहेबांची जुनी पँट आणून दिली. तिची झाली भाजीची पिशवी. पिशवीच्या तोंडाला पँटचीच चेन, शैलाची आयडिया. ती पिशवी आली माझ्या वाट्याला.

भाजीबाजारात कांदे भरत होते, तर चेअरमनसाहेब शेजारी उभे. एकदा पिशवीकडे बघतात, एकदा माझ्याकडे.

"नलूताई, ही... ही माझी पँट आहे का?"

मी काही बोलायच्या आत भाजीवालीच म्हणाली, "सायेब, घाबरू नका. तुमच्या पँटीत आजून दोन किलो बसत्यात!"

पुढच्या मीटिंगला साहेब धोतर नेसून येतात की काय, असं आम्हाला वाटलं.

*

आता बसचा किस्सा. त्या वर्षी थंडी फार पडली होती. शैलाच्या नवऱ्याचे, दत्ताभाऊंचे, जुने शर्ट उसवून त्या दोघींनी फिरायला जायची जॅकेटं शिवली, आतून अस्तर लावून. माझं जॅकेट आमच्या ह्यांच्या कंपनीचं, रंग वेगळा.

सकाळी चौकात उभ्या होतो. धुकं असं, की समोरचा पानाचा ठेला दिसत नव्हता. तेवढ्यात कंपनीची बस आली, आमच्यासमोर थांबली आणि ड्रायव्हर आतून ओरडला, "चला चला, पटकन! लेट झालाय आधीच!"

युनिफॉर्मचा रंग बघून थांबला होता तो. आणि शैला चढली! वर कुंदालाही हाताला धरून ओढलं. मी पुढे झाले, तर दार बंद. माझा रंग दुसऱ्या कंपनीचा ना!

दोघी थेट चाकणला. तिकडे दत्ताभाऊ नाइट शिफ्ट संपवून गेटबाहेर येतायत, तर समोर बसमधून बायको उतरते आहे, त्यांचाच शर्ट घालून! गेटवरची सगळी लाइन बघत राहिली.

दत्ताभाऊंनी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि गार्डला म्हणाले, "मला बावीस वर्सं लागली. हिला एका दिवसात परमनंट केलं का काय रं?"

*

शैलाचं खिशांचं वेड मात्र वेगळंच. कुठलीही वस्तू असो, तिला खिसा पाहिजेच. उशीच्या अभ्र्याला खिसा! "कशाला गं?" म्हटलं तर, "आसूं दे. बाईच्या जातीला लपवायला जागा नगं का?"

आणि खिसा कधी रिकामा द्यायची नाही. आपल्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर का होईना, घालून देतात. तसं हिचं. "रिकामा खिसा देऊ न्हाई," म्हणायची आणि खडीसाखरेचा एक खडा आत टाकायची.

आमच्या ह्यांची पँट तिच्याकडे खिसा बदलायला दिली होती. हे बघतात का त्यात काय आहे ते? घालून गेले कंपनीत. दुपारी मशीनवर उभे असताना एकदम नाचायला लागले. मुंग्या!

संध्याकाळी तणतणत आले, "तुझ्या मैत्रिणीला सांग, मला गोड नको!"

मी सांगितलं. शैला म्हणाली, "बरं. पुढच्या खेपेला शेंगदाणं घालते."

*

मग तिचं ते आजारपण आलं. त्यातला एकही किस्सा माझ्याकडे नाही. तीन महिन्यांत एकही साठला नाही.

तेरावं झाल्यावर दत्ताभाऊ कुंदाकडे आले. मी होतेच तिथे. चादरीत बांधलेलं गाठोडं त्यांनी मशीनशेजारी ठेवलं.

"वहिनी, आमच्यात कापडं नदीला सोडत्यात. मला न्हाई जमलं. तुमी काय करायचं ते करा. पर कापा. तसंच ठिवू नका, दिसलं की..." एवढं बोलून ते उठले. चहा तसाच राहिला.

कुंदाने 'हो' म्हटलं खरं. पण तिची कात्री काही चालेना. गाठोडं सोडायची, वरचा पोपटी ड्रेस मांडीवर घ्यायची, आणि घडी घालून परत बांधायची. हे मी दारातून किती वेळा पाहिलं!

मशीनही बंद. इतकी वर्षं त्या मशीनचा आवाज माझ्या भिंतीतून यायचा आणि मी कावायचे. आता ती शांतता ऐकवेना. एक दिवस अचानक टकटक ऐकू आलं, तशी मी रिकामी वाटी घेऊन पळाले.

"विरजण आहे का गं?"

"तुझ्या हातात दह्याचं पातेलं आहे, नलू."

गडबडीत दोन्ही हातांत दोन भांडी घेऊन गेले होते मी!

कुंदा पिशवी शिवत होती. युनिफॉर्मचीच. मी उलटसुलट करून पाहिली. "खिसा कुठाय?"

"खिसे शैला लावायची," ती म्हणाली. आणि खाली बघून पुढची टीप मारायला लागली.

*

फिरणं आम्ही सोडलं नाही. पण दोघीच चालताना मधे जागा राहायची. किती दिवस ते आमच्या लक्षातही आलं नाही. एकदा मागून एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत आला.

"ओ काकू, एकीकडे व्हा की! मधे एवढी जागा कशाला?"

कुंदा गर्रकन वळली. "माणूस आहे मधे! दिसत नाही का?"

त्याने आमच्या मधे पाहिलं. कुंदाच्या तोंडाकडे पाहिलं. आणि बिचारा गाडी रस्त्याच्या पार कडेला घेऊन, वळसा घालून गेला.

*

मग एका पहाटे कुंदाच्या कडीचा आवाज आला. मी दाराच्या भिंगाला डोळा लावला, तर ही बया गाठोडं काखेत मारून निघालेली, मला न सांगता! पायात हाताला लागतील त्या चपला घालून मी मागे. इंद्रायणीच्या रस्त्याला लागली तशी मीही पावलं उचलली. घाटाजवळ एक टेम्पो उभा होता, त्याच्या आडोशाला थांबले.

"नलू, ये बाहेर. तुझ्या चपलांचा आवाज देहूपर्यंत जातोय."

गेले मग. पायरीवर गाठोडं सोडून बसली होती. नदीला कारखान्यांच्या पाण्याचा पांढरा फेस आलेला.

"सोडून द्यावं म्हणून आले," ती म्हणाली. "पण ह्या फेसात? तिला पदराला डाळीचा डाग चालायचा नाही. आणि कापवत नाही गं. दत्ताभाऊंना शब्द दिलाय, पण कात्री लावली की हात थांबतो."

मी दहावी नापास. शिवणातलं मला काय कळतं? पण तोंडातून निघून गेलं, "मग कापू नकोस. उसव. उसवलेलं परत लावता येतं."

तिने पोपटी ड्रेस मांडीवर ओढला. मग म्हणाली, "पिन आहे?"

बांगडीला पिन नसेल ती बाई कसली! माझ्या दोन, तिच्या दोन. पोपटी ड्रेसचा खिसा उसवायला बसलो. पण शैलाची ती दुहेरी टीप! दोन पिना वाकल्या, ऊन वर आलं, तरी एक कोपरा सुटेना.

"मेली सुटता सुटत नाही!" कुंदा वैतागून म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग जे हसायला आलं! घाटावर आलेली माणसं बघायला लागली. कुंदाच्या डोळ्यांतून धारा, आणि हसणं थांबेना.

खिसा सुटला तेव्हा आतल्या कोपऱ्यात खडीसाखरेचा बारकासा कण चिकटलेला होता. कुंदाने तो बोटावर घेतला, उजेडात धरला आणि तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी मशीन सकाळपासून चालू. "त्या खिशाचं काय केलंस?" मी विचारलं. एकदा नाही, दहादा विचारलं.

"लागला जागेवर." यापुढे एक शब्द नाही!

तेव्हापासून खिसे मी लावते. तिरके बसतात. कुंदा उसवते आणि म्हणते, "परत." मी परत लावते. परत तिरका. पण फिरून आल्यावर हातात सुई घेऊन बसलं, ऊन मशीनवर आलं आणि चहाचं आधण ठेवलं, की एवढा वेळ बरा जातो. तेवढ्यापुरतं मधली जागा रिकामी वाटत नाही.

*

हे सगळं असं मार्गी लागत असताना लिफ्टमधलं ते वाक्य माझ्या कानावर पडलं. म्हणजे मला काय वाटलं असेल बघा!

आधी गाठोडं तपासलं. कुंदा चहा टाकायला गेली तेवढ्यात. सगळं होतं, साड्यांसकट. पोपटी ड्रेसही होता, घडीत, फक्त एका खिशाला मुकलेला. म्हणजे कुंदा नव्हे! मग कोण?

संध्याकाळी रेखाला लिफ्टमध्ये गाठलं. आत शिरले आणि सगळ्या मजल्यांची बटणं दाबली. "आता बोल. पूर्ण बोल."

"अहो नलूताई, दत्ताभाऊ! शैलाचे कपडे घालून कंपनीत येतात रोज. आमचे हे त्यांच्याच लाइनला आहेत ना, डोळ्यांनी पाहिलंय!"

पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत, दार उघडतंय, लागतंय, असं करत खरं ते बाहेर आलं. कपडेबिपडे काही नाहीत. दत्ताभाऊंच्या युनिफॉर्मच्या शर्टाला आतून, डाव्या बाजूला, एक पोपटी खिसा आहे. म्हणजे अफवा खरी, पण एका खिशापुरती. आणि ते 'रोज' तेवढं अगदी खरं.

हे कळलं कसं? तर त्यांच्या कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत. गेटवर झडती घेताना गार्डच्या हाताला छातीपाशी काहीतरी टणक लागलं.

"दत्ताभाऊ, मोबाईल?"

"न्हाई."

"मग बटण काढा."

बटण काढलं. बारीक फुलाफुलांचा पोपटी खिसा, आणि आत खडीसाखरेचा खडा. मागची लाइन खो खो हसायला लागली. कुणी म्हणालं, "काय राव, वहिनींचा ड्रेस घालून आलात का?"

गार्ड नियमाचा पक्का. म्हणाला, "भाऊ, युनिफॉर्मला बाहेरचं कापड चालत नाही. हे काढून ठेवा इथं, जाताना घेऊन जा."

दत्ताभाऊंनी खडीसाखर परत खिशात ठेवली. शर्टाचं बटण लावलं.

"न्हाई भावा," ते म्हणाले. "परमनंट हाय ती."