अहो, जरा तो स्क्रू द्या

फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत बसले होते. पलीकडून आवाज आला, "काकू, मी केदार बोलतोय. डोंबिवलीहून." आता बघा, ज्या मुलानं इतकी वर्षं मला आई म्हणून हाक मारली त्यानं काकू म्हणावं, आणि वर गावही सांगावं, जणू मला चार गावांहून चार केदार फोन करतात! मी तिथंच अडकले. काकू म्हणाला... काकू म्हणाला... आणि पुढचं वाक्य कानावरून नुसतं गेलं. "काल आई गेली. साधा ताप होता हो, दोन दिवस अॅडमिट होती. तुम्हाला कळवावं की नाही तेच कळत नव्हतं." मी म्हणाले, "बरं केलंस." त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. फोन ठेवून मी परत कोथिंबिरीला बसले. उठताना पाहिलं तर काड्या सगळ्या डब्यात भरलेल्या, आणि पानं कचऱ्याच्या पिशवीत.

केदार माझा जावई. म्हणजे होता. माझ्या गौरीचं आणि त्याचं पटलं नाही. कोणी कोणाला फसवलं नाही, हात उगारला नाही, नुसतं पटलं नाही, आणि दोघं रीतसर कोर्टात जाऊन वेगळी झाली. गौरी बंगळुरूला गेली. आता त्याची आई म्हणजे माझी विहीण, तिचं काय झालं? मुलांनी सह्या केल्या तेव्हा आम्हा दोघींना कोणी विचारलं नव्हतं. नवराबायकोचं नातं मोडलं की विहिणींचं आपोआप मोडतं का, हे मी त्या वेळी वकिलाला विचारणार होते. गौरीनं असं बघितलं की गप्प बसले. तर गेल्या त्या माझ्या कोण, इथूनच माझा घोळ सुरू होतो. लिहायचं म्हणून इथं कुमुदताई लिहिते. तोंडानं हे नाव मी कधी घेतलेलं नाही. लग्नानंतर त्या मला विहीणबाई म्हणायच्या आणि मी त्यांना. मोडल्यावर ते म्हणायची सोय राहिली नाही, आणि एकदम नावावर कसं यायचं?

घटस्फोटानंतर त्या भेटल्या त्या इथं ठाण्याला, नौपाड्यात, औषधाच्या दुकानात. दाताच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या, गाल सुजलेला. आम्ही दोघी काउंटरपाशी एकमेकींकडे बघत उभ्या. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "घरी चला की, चहा घेऊन जा." त्या म्हणाल्या, "दात काढलाय." मी म्हणाले, "मग गार करून प्या." आणि आल्या. टेबलावर माझे कागद पसरलेले. शाळा अकरावीत सुटली माझी, पण लिहायची खोड आहे, पुरवणीत अधूनमधून काही छापून येतं. त्या दिवसांत संपादकांनी सांगितलं होतं की हातानं लिहिलेलं आता आम्हाला लावता येत नाही, टाइप करून पाठवा. आता या वयात कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून मी तक्रार करत होते, त्या सुजल्या गालानं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तयार कशाला घेता? आपण जोडू." उभा जन्म त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी जोडण्यात काढलेला. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवत होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला कळलं ते एवढंच, की त्या 'आपण' म्हणाल्या.

मग दर शनिवारी येऊ लागल्या. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून आम्ही एकेक वस्तू आणली. दुकानदार म्हणाला, "मावशी, मी असेंबल करून देतो, पैसे नकोत." त्या म्हणाल्या, "मग आम्ही काय करायचं?" त्यानं हसत विचारलं, "दोघी बहिणी का?" मी "हो" म्हणाले आणि त्याच क्षणी त्या "नाही" म्हणाल्या. तो बिचारा बिलावर कोणाचं नाव लिहायचं म्हणून दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हो म्हणायला काय झालं होतं?" तर म्हणाल्या, "खोटं कशाला बोला? आणि खरं सांगितलं असतं तर दुकान बंद व्हायची वेळ झाली असती."

माझ्या जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून काम चालायचं. मी टॉर्च धरायची. लोखंडी पेटीला कॅबिनेट म्हणतात, आत जी मोठी हिरवी पाटी बसते ती मदरबोर्ड, आणि खालच्या कोपऱ्यात पॉवर सप्लायचा ठोकळा, त्यातून वायरींचा हा एवढा झुबका निघतो. मी म्हटलं, "अगं बाई, हे तर शेवयांचं टोपलं!" त्या हसल्या नाहीत. कामात असल्या की हसायच्या नाहीत. "अहो, जरा तो स्क्रू द्या." "अहो, उजेड इकडे." सगळं 'अहो'वर. विहीणबाई नाही, ताई नाही, नाव नाही. दुकानदारानं वायरी बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या दिल्या होत्या, त्या त्यांनी बाजूला सारल्या आणि पर्समधून मेणाच्या दोऱ्याची गुंडी काढली. एक्स्चेंजमध्ये म्हणे असाच बांधायचे. प्रत्येक वायर मदरबोर्डच्या पाठीमागून फिरवायची, वळणावर कोपरा नीट पाडायचा, बोटभर अंतरावर एकेक गाठ. गाठी सगळ्या एका रांगेत. मी विचारलं, "झाकण लागलं की हे दिसणार कोणाला? पट्टीनं पटकन आवळलं असतं." तर म्हणाल्या, "पट्टी कापावी लागते हो. दोरा सोडता येतो." मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या दोऱ्याबद्दलच बोलत होत्या... असतीलही. मला तेव्हापासून सवयच लागली, त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या मागे काही आहे का ते बघायची. कारण गौरीचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. राग आहे की नाही? सून म्हणून माझी मुलगी त्यांना कशी वाटली? आपल्या मुलाचं चुकलं असं वाटतं की माझ्या मुलीचं? शनिवारमागून शनिवार गेले, आणि मी टॉर्च धरून हेच शोधत होते.

सगळं बांधून झालं त्या दिवशी मी शेजारून हळदकुंकू घेऊन येते म्हणाले, तर "पंख्यात जाईल, लांबूनच करा" म्हणाल्या. लांबूनच केलं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, आणि पडदा काळाच. परत दाबलं, काळाच. मी म्हटलं, "मॉनिटर खराब दिला का त्यानं?" त्यांनी टॉर्च माझ्या हातातून घेतला, पेटीत डोकं घातलं, आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. मग एकदम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की खुर्चीत बसावं लागलं. प्रोसेसरला वीज देणारी वेगळी जाड वायर असते, ती त्यांनी पाठीमागून सुंदर वर नेली होती, गाठी मारून पक्की केली होती, आणि तिचं टोक जोडायचंच राहिलं होतं. डोळे पुसत म्हणाल्या, "बघा. सगळं एवढं छान बांधलं, आणि मुख्य तेच जोडायचं राहिलं." हसू थांबलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या पेटीकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे... मग म्हणाल्या, "चहा टाका. मी सोडवायला घेते."

माझ्या गौरीला हे कळलं तेव्हा ती फोनवर भडकली. "आई, माझं तुटलं आणि तुझं चालूच? काय बोलता तुम्ही माझ्याबद्दल?" मी म्हटलं, "अगं, काही नाही बोलत. तेच तर." तिला ते काही पटलं नाही. मलाही दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. कॉम्प्युटर सुरू झाला, तरी त्या येत राहिल्या. कधी पंखा आवाज करतो म्हणून, कधी मला मराठी टाइप करायला शिकवायला म्हणून. 'ज्ञ' कसा काढायचा यावर आमचा एक अख्खा शनिवार गेलाय. मग एका शनिवारी आल्या नाहीत. मला वाटलं, केदारला कळलं असेल आणि त्यानं नको म्हटलं असेल. मी फोन केला नाही. कोण म्हणून करणार? त्याच आठवड्यात केदारचा तो फोन आला.

तेराव्याला मी डोंबिवलीला गेले, एकटीच. आपल्याकडे व्याह्यांनी दुखवट्याचं कापड द्यायचं असतं, तोंड गोड करायचं असतं. केदारसाठी शर्टाचं कापड घेतलं, पिशवीत ठेवलं, आणि दारापर्यंत जाईपर्यंत स्वतःशी भांडत होते, की आपण व्याही आहोत का? दारात एका बाईंनी विचारलं, "आपण कोण त्यांच्या?" मी म्हणाले, "मी ठाण्याहून आले." त्या म्हणाल्या, "या, बसा." ठाण्याहून येणं हे एवढं चालतं तर! कापड पिशवीतून काढायचा धीर झाला नाही. निघताना केदारला एवढंच सांगितलं, "तुझ्या आईनं जोडलेला कॉम्प्युटर आहे माझ्याकडे." तो म्हणाला, "आईनं? तुमच्याकडे?" तेवढ्यात गुरुजींनी त्याला आत बोलावलं.

तो गेल्या आठवड्यात आला. म्हणाला, "मला बघायचंय." मी कॅबिनेटचं झाकण काढून दिलं. त्यानं फोनच्या उजेडात आत पाहिलं, गाठींच्या रांगेवरून बोट फिरवलं, खालून वर, परत वरून खाली. मग मी विचारलंच. इतके शनिवार जे त्यांना विचारलं नाही ते त्याला विचारलं. "केदार, तुझ्या आईच्या मनात गौरीबद्दल काय होतं रे?" तो म्हणाला, "मला काय माहीत? माझ्याशी त्या विषयावर ती कधी बोलली नाही. शनिवारी इथं येते हेसुद्धा सांगितलं नव्हतं. म्हणायची, ठाण्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते." मी म्हटलं, "क्लासला?" "हो. एकदा मी विचारलं, कसा आहे क्लास? तर म्हणाली, बाईंना काही येत नाही, पण क्लास सोडवत नाही."

मी उठून आत गेले. शिरा करायला घेतला होता तो उगाचच परतत राहिले. बशी त्याच्यापुढे ठेवली, आणि कपाटातून ते कापडही आणून ठेवलं. "हे काय?" "दुखवट्याचं." तो म्हणाला, "पण आता आपण..." आणि थांबला. मी म्हटलं, "मला नाही माहीत बाबा. तू घे." त्यानं घेतलं. शिरा खाल्ला, अजून मागून घेतला. काकू म्हणाला नाही, आईही म्हणाला नाही. "जरा पाणी देता?" एवढंच.

जाण्याआधी झाकण लावायला बसला तेव्हा मला खालच्या कोपऱ्यात एक वायर दिसली. वेटोळं करून, दोन ठिकाणी दोऱ्यानं बांधलेली. मी म्हटलं, "अरे, ही बघ, परत राहिली का जोडायची? टोक मोकळंच आहे." त्यानं वाकून बघितलं. "नाही, ही जास्तीची असते. ती कशालाच जोडायची नसते."

"मग कापून का नाही टाकली?"

"कापता नाही येत. सप्लायच्या आतूनच आलेली असते ना. तिच्यातही वीज असते. लोंबून पंख्यात जाऊ नये म्हणून अशी बांधून ठेवायची."

त्यानं झाकण लावलं. मी शेवटचा स्क्रू त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर मी खुर्ची ओढली, बटण दाबलं, आणि हे लिहायला घेतलं. उजव्या हाताला पेटी मंद घुमते आहे. आत, खालच्या कोपऱ्यात, ती वायर आहे.