भाकरीचं वेगळं, डाळिंबाचं वेगळं

आटपाडीहून मिरजेला जाणाऱ्या एसटीत एक म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस होता. तिनं मांडीवर डबा उघडला, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले.

"बापा, भाकरी हाय, ठेचा हाय, खिडकी बी मिळाली. लय झालं. शेजारचा मानूस बोलत न्हाई, पर बरा दिसतोय. येशूच्या नावानं, आमेन."

मला हसू आलं. जेवण झाल्यावर तिनं पिशवीतून डाळिंब काढून फोडलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"मावशी, प्रार्थना झाली की मघाशी!"

"आवं, ती भाकरीची. डाळिंबाचं कुठं सांगितलंय अजून?"

तिनं दाणे माझ्यापुढे धरले. मी नको म्हणालो. का, म्हणून तिनं विचारलं, आणि घरीही कधी न बोललेलं मी तिला सांगून टाकलं. धाकटा भाऊ अपघातात गेला, शेजारी बसलेला मी वाचलो. तेव्हापासून काही गोड लागलं की चोरी केल्यासारखं वाटतं.

तिनं दाण्यांचा हात तसाच माझ्यापुढे धरून ठेवला. मग म्हणाली, "बापाचं एक लेकरू त्येच्याजवळ गेलं, म्हून दुसऱ्यानं उपाशी ऱ्हावं, असं कुटला बाप म्हनंल?"

मी मूठभर दाणे तोंडात टाकले. रस हनुवटीवर ओघळला.

"आदी आभार मानायचं, गड्या!" ती खिदळली.

तोंड भरलेलंच होतं. मी तसेच डोळे मिटले.

"काय म्हणू?"

"गोड हाय म्हना. कळतं त्येला."

"गोड आहे," मी म्हणालो आणि दुसरी मूठ घेतली.