सेनोनने बसवलेला व्हॉल्व्ह

सेनोन गार्दुन्यो कोणाचं ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता, आणि मी त्याला चाळीस वर्षं ऐकवत आलो. तोलुकाच्या मोटार कारखान्यात, इंजिनांच्या लाइनवर, त्याची जागा माझ्या शेजारी होती. इंजिन आधी त्याच्यासमोर यायचं, मग माझ्यासमोर. तो बोल्ट आवळायचा, मी रबरी नळ्या जोडायचो. त्याची मुलगी एरेंदिरा झाली तेव्हा बाप्तिस्म्याला तिला मी हातांवर धरलं. त्या दिवसापासून मी तिचा पाद्रिनो, म्हणजे देवासमोरचा दुसरा बाप, आणि आम्ही दोघं एकमेकांचे कोंपाद्रे. हे नातं भावापेक्षा जड असतं. भावाशी भांडून अबोला धरता येतो, कोंपाद्रेशी धरला तर गावभर शोभा होते.

तो एकोणिसाव्या वर्षी डोंगराकडच्या खेड्यातून आला. वाचायला जेमतेम यायचं, पण कान असा की इंजिन सुरू झालं की डोळे मिटून सांगायचा, कुठं दुखतंय. त्याची एक सवय साऱ्या लाइनने उचलली होती. बोल्ट शेवटचा आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. रेघ ओढली म्हणजे काम झालं, आता त्याला परत हात लावायचा नाही. कारखान्यात पिवळा रंग मिळायचा. घरी तो बायकोची, ओफेलियाची, शेंदरी नेलपॉलिश वापरायचा. ती चिडायची, पण बाटली संपली की त्याच रंगाची आणायची.

त्याची गाडी डाळिंबी रंगाची, दोन दारांची, एकोणनव्वद सालची स्पोर्ट्स गाडी. आमच्याच लाइनवरची. दारावर रंगाचा एक फोड राहिला म्हणून कामगारांना स्वस्तात मिळाली. "तीन माणसांना दोन दारं?" ओफेलिया म्हणाली होती, "मी काय खिडकीतून उतरू?" पण तीस वर्षं मिरवली तिने त्याच गाडीतून. लाइन बंद झाली, आम्हाला घरी बसवलं, ओफेलियाही चार वर्षांपूर्वी गेली. गाडी राहिली. तिला परक्या मेकॅनिकचा हात त्याने कधी लागू दिला नाही.

आणि मग तो विसरायला लागला. मी आधी हसण्यावारी नेलं. शिडी परत केली का, हे विचारायला एका सकाळी तो तीनदा माझ्या दारात आला. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "अरे, त्या शिडीवर बसूनच मी कॉफी पितोय, बघ." तो हसला, पण त्याच्या डोळ्यांत काहीतरी घाबरलेलं होतं. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एकदा तो कोपऱ्यावरच्या बेकरीत उभा होता आणि घर कुठल्या बाजूला ते त्याला सुचत नव्हतं. मी त्याला बोलत बोलत घरी आणलं आणि कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला वाटत होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी एरेंदिरा तिच्या घरून, मोंतेरेयहून, आली ती गॅसच्या वासात. शेगडी चालू, आग विझलेली, आणि हा शेजारच्या खोलीत झोपलेला.

"पापा, तुम्ही माझ्याकडे चला," ती म्हणाली. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. हिरवा चोरिसो, आमच्याकडचं मसालेदार सॉसेज, तव्यावर तसाच गार झाला होता.

"त्या भट्टीत? तिथं माणसं उन्हात अंडी तळतात म्हणे."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीपण नाही. मी काय चुकलो, ते सांग. शेगडी? शेगडी जुनी आहे."

"शेगडीचं सोडा. गाडीचं काय? डिसेंबरअखेर धुराची तपासणी आहे आणि ती चौकात उभी राहिली की बंद पडते. तुम्हाला कळतं तरी का, काय झालंय तिला?"

हे तिने बोलायला नको होतं. तो ताठ झाला. पंधरा मिनिटं त्याने आम्हा दोघांना शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला थोडा धूर परत आत सोडायचा, म्हणजे विष कमी होतं. ते काम करणारा एक व्हॉल्व्ह असतो. गाडी जागेवर उभी असताना तो बंद हवा. काजळी धरून तो उघडाच अडकला की इंजिन गुदमरतं. एक शब्द चुकला नाही त्याचा.

"नवा आणतो, मीच बसवतो," तो म्हणाला. "एकटा. जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे येईन, अंडी तळायला."

मी निघालो तेव्हा एरेंदिराने मला दारात गाठलं. "पाद्रिनो, तुम्ही समोर बसा. पण हात लावू नका. आणि मला खरं सांगा. तुम्ही म्हणालात ठीक आहे, तर मी मान्य करेन."

"सांगेन," मी म्हणालो.

"शपथ?"

"तुझ्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा तुला मी धरलं होतं, पोरी. अजून कसली शपथ हवी?"

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, त्याने अंगणात बॉनेट उघडलं. आदल्या दिवशी आम्ही दोघं जाऊन व्हॉल्व्ह घेऊन आलो होतो. सकाळी पाण्याच्या टाकीवर बर्फाचा पापुद्रा होता आणि नेवादो डोंगर ढगात पार बुडाला होता. मी उलटी बादली घेऊन बसलो, हात काखेत घालून. हात लावायचा नव्हता ना.

त्या गाडीत हा व्हॉल्व्ह इंजिनाच्या मागे, अगदी आतल्या पत्र्याला लागून आहे. वरून दिसत नाही. हात घालून, बोटांनी चाचपतच काम करावं लागतं. त्याने आधी बॅटरीची तार सोडली, हवेचा मोठा पाइप काढून बाजूला ठेवला, काढलेले स्क्रू ओळीने फडक्यावर मांडले. हात थरथरत नव्हते. मी मनात म्हटलं, बघ एरेंदिरा, बघ तुझा बाप.

"तेल मारत नाहीस?" मी विचारलं. "छत्तीस वर्षांचे बोल्ट आहेत, तुटतील."

"मारतो की. तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाक."

त्याने गंज सोडवायचं तेल मारलं, थांबला, मग पाना घातला. बोल्ट लगेच फिरला. दुसराही फिरला, लोण्यातून निघावा तसा. मला आनंद झाला. त्याच्या कपाळावर मात्र आठी पडली. जुना बोल्ट असा सुटत नाही, हे त्याच्या बोटांना माझ्याआधी कळलं होतं.

त्याने व्हॉल्व्ह बाहेर काढला आणि उजेडात धरला.

काजळीने काळाठिक्कर पडलेला असायला हवा होता. तो लखलखीत होता. पॅकिंगही कोरं. त्याने दुसऱ्या हातातले बोल्ट पाहिले. दोन्ही बोल्टांच्या डोक्यांवर शेंदरी रेघ होती.

त्याने अंगठा रेघेवरून फिरवला. मग विचारलं, "हा कोणी बसवला?"

"मी," मी म्हणालो. जिभेवर ते आधीच येऊन बसलं होतं.

"कधी?"

"मागच्या महिन्यात. तू झोपला होतास."

"आणि रेघ?"

"तीही मीच ओढली."

"रुतिलिओ," तो म्हणाला, "साऱ्या जन्मात तू एक बोल्ट सरळ आवळला नाहीस. आणि हे दोन्ही सारखे आवळलेत."

तो पत्र्याच्या खोलीत गेला. परत आला तेव्हा हातात वर्तमानपत्राची पुडी होती. आत जुना व्हॉल्व्ह, काळा, कोळशासारखा. पेपर अठरा नोव्हेंबरचा होता. म्हणजे मुलगी येण्याच्या आधीच त्याने हे काम केलं होतं, पुसून गुंडाळून जपून ठेवलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर त्याच्या डोक्यात उरलं नव्हतं.

"मग गाडी अजून बंद का पडते?" त्याने विचारलं. माझ्याकडे बघून नाही, गाडीकडे बघून.

मी उठलो आणि वाकून पाहिलं. व्हॉल्व्हच्या जागेशेजारी बोटभर रबरी नळी लोंबत होती. व्हॉल्व्हला जोडायची ती नळी. ती सुटी राहिली की इंजिन तिच्यातून फुकटची हवा ओढतं आणि जागेवर बंद पडतं, अगदी पहिल्यासारखं. त्याने व्हॉल्व्ह चोख बसवला, बोल्ट आवळले, रेघ ओढली आणि बाजूला झाला. सत्तावीस वर्षं तो असाच बाजूला होत आला होता. नळी पुढच्या माणसाची. नळी माझी.

मी म्हणालो, "अरे, हे विसरणं नाहीच. ही लाइनची सवय आहे. मीपण असंच केलं असतं."

"नळीचं तसं असेल," तो म्हणाला. "पण व्हॉल्व्हचं?"

आदल्या दिवशी दुकानदाराने आमच्याकडे दोनदा पाहिलं होतं, महिन्याभरात हाच व्हॉल्व्ह पुन्हा कशाला म्हणून, ते मला तेव्हा आठवलं.

त्याने तोच व्हॉल्व्ह परत बसवला. आदल्या दिवशी आणलेला खोक्यातच राहिला. पॅकिंग नवं टाकलं, बोल्ट आलटून पालटून आवळले, रेघ ओढली. मग सरकून मला जागा दिली आणि म्हणाला, "लाव." मी नळी लावली. शपथ तिथेच मोडली. गाडी सुरू केली तर इंजिन जागेवर असं एकसुरात चालू राहिलं की आम्ही दोघं अंगणात उभे राहून ते ऐकत राहिलो.

"तू तिला काय सांगणार?" त्याने विचारलं.

"गाडी चालते, हे सांगणार."

तो हात धुवायला गेला आणि नळ चालू ठेवून आत गेला. मी तो बंद केला.

रविवारी एरेंदिरा मोंतेरेयहून परत आली. मी तिला दारातच म्हणालो, "एकट्याने केलं. मी बोट लावलं नाही. एरेंदिरा, बापाचं डोकं तुझ्या माझ्यापेक्षा जागेवर आहे." बोललो ते मी त्याच्यासाठी बोललो, असं कोणालाही सांगता येईल. पण ते खरं नाही. माझी बायको माझ्याशी दिवसाला दहा शब्द बोलते, मुलं सरहद्दीपलीकडे आहेत, आणि या गल्लीत मला टोचून बोलणारा एकच माणूस उरला होता. तो गेला असता तर मी काय केलं असतं? मी माझ्यासाठी खोटं बोललो.

एरेंदिराचा चेहरा सैल झाला. ती माझ्या गळ्यात पडणार एवढ्यात तो आतून आला.

"पोरी, तुझा पाद्रिनो खोटं बोलतोय," तो म्हणाला. "नळी त्याने लावली. आणि हा व्हॉल्व्ह मी दोनदा बसवला. पहिल्या वेळचं मला काही आठवत नाही. काहीच नाही. कितीही आठवलं तरी नाही."

"गप रे," मी म्हणालो.

"तू गप. देवासमोर हिला धरलंस ना? मग हिच्याशी खोटं नको बोलूस. मी मेलो तर हिला तूच आहेस."

एरेंदिरा खुर्चीत बसली आणि तोंडावर हात धरून रडली. मला त्याचा इतका राग आला की मी टोपी उचलून चालता झालो. तीन दिवस गेलो नाही. चाळीस वर्षांच्या सोबतीतले हाताशी उरलेले शेवटचे दिवस, आणि त्यातले तीन मी रागात घालवले. चौथ्या दिवशी गेलो तेव्हा सामान बांधून झालं होतं. त्याने मला गाडीची किल्ली दिली आणि तपासणीला घेऊन जा म्हणाला. "क्लच जपून सोड," म्हणाला. "तुझा पाय म्हणजे बैलाचा खूर." मी त्याला मिठी मारली. तो मला धरून जरा जास्त वेळ उभा राहिला. मग त्याने एरेंदिराला विचारलं की आपण कुठे चाललोय.

सत्तावीस डिसेंबरला मी गाडी तपासणीला नेली. दोन तास रांगेत होतो, पण ती एकदाही बंद पडली नाही. सायलेन्सरमध्ये नळी घालणाऱ्या माणसाने कागद माझ्या हातात दिला. पास.

मी तिथूनच मोंतेरेयला फोन लावला. एरेंदिराने त्याच्याकडे दिला.

"कोण बोलतंय?"

"रुतिलिओ."

"बोला."

मी म्हणालो, "गाडी पास झाली."

"कुठली?"

"डाळिंबी. दोन दारांची."

"बरं झालं. काय झालं होतं तिला?"

"व्हॉल्व्ह गेला होता. बदलला."

"कोणी बसवला?"

"सेनोन गार्दुन्योने."

"एकट्याने?"

"एकट्याने," मी म्हणालो.

"मग नीट बसला असेल," तो म्हणाला. आवाजात समाधान होतं.

मग त्याने फोन मुलीकडे दिला. देता देता त्याने तिला विचारलं, हे गृहस्थ कोण होते. ती काय सांगते ते ऐकायला मी थांबलो नाही. मीच फोन ठेवून दिला.