मावशीचा अबोला

माझी मावशी कपडे धुवायची. चर्चच्या मागच्या खोलीत तिचं राज्य होतं. एक मोठा हंडा, दोन पिंपं, लांब टेबल आणि एक इस्त्री, जिला माझ्यासकट कोणी हात लावलेला तिला खपत नसे. वेदीवरची वस्त्रं, पाळकसाहेबांचे झगे, गायकांचे अंगरखे, सगळं तिच्या हातून जायचं. "पाळक माणसांचे डाग काढतात, मी झग्यांचे. माझे लवकर निघतात," असं ती पाळकसाहेबांच्या तोंडावर म्हणायची. तेही हसायचे. न हसून करतात काय!

मग साथ आली. इस्पितळात जागा उरली नाही, म्हणून चर्चचा हॉल आजाऱ्यांसाठी उघडला. तिथल्या चादरी मावशीकडे येऊ लागल्या, आणि त्यांच्याबरोबर शवपेटीवरची चादरही.

आमच्या चर्चची रीत अशी की दुकानदार जावो नाहीतर झाडूवाला, शवपेटीवर तीच एक चादर घालायची. पांढरी, मधोमध भला मोठा लाल क्रूस. काळी नाही, कारण आमच्या लेखी मरण म्हणजे शेवट नाही. पूर्वी ती क्वचित कपाटाबाहेर निघायची. आता तिला वाळायलाही सवड नव्हती. मावशी ती उकळत्या पाण्यातून काढायची आणि क्रूस झिजू नये म्हणून तो आत ठेवून घडी घालायची. घडी झाली की ती चारचौघींसारखीच दिसे.

तीच चादर माझ्या आईच्या पेटीवर घातली गेली. आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. दफनावरून परत आल्यावर मावशीने ती हंड्यात टाकली आणि म्हणाली, "झालं. आजपासून देवाचं आणि माझं बोलणं बंद. काम करीन त्याचं, त्यात कुचराई नाही. पण बोलणार नाही."

तिने खरोखर अबोला धरला. रविवारी उपासनेला नाही, जेवणाआधी डोळे मिटणं नाही. रुसलेली बायको नवऱ्याला ताट वाढते पण तोंड फिरवून, तसं तिचं चाललं होतं. पाळकसाहेब समजवायला आले तर म्हणाली, "तुम्ही मध्ये पडू नका, हे आमच्या दोघांतलं आहे." मला तिचा राग यायचा. आई माझी गेली होती आणि तरी मी रोज प्रार्थना करत होते; मग हिने का रुसावं? पण रात्री उशिरापर्यंत ती एकटीच इस्त्री फिरवताना दिसली की माझा राग टिकत नसे.

त्यातच काका आजारी पडले. मावशीचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. स्वभाव अबोल, लग्नापासून मावशीच दोघांच्या वाट्याचं बोलत आली होती. त्यांना हॉलमध्ये खिडकीजवळची खाट मिळाली. घरच्यांना आत जायला मनाई होती. दाराच्या काचेतून बघायचं आणि परत फिरायचं. ताप काही उतरेना. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघण्यापलीकडे काही हातात नाही.

"निदान आता तरी बोल देवाशी," मी म्हणाले.

"आता बोलले तर गरजेपुरतं गोड बोलल्यासारखं होईल. मी तसली नाही," ती म्हणाली आणि चादरी पिळत राहिली.

एका दुपारी आम्ही धुतलेल्या चादरींचा गठ्ठा हॉलच्या दाराशी ठेवून आलो. थोड्या वेळाने चर्चचा माणूस दुसऱ्या दिवशीच्या दफनासाठी पेटीवरची चादर मागायला आला. कपाट रिकामं! मावशीने कपाळावर हात मारला. "अगं बाई, गठ्ठ्यात गेली!" पुढे हा दोष तिने माझ्या माथी मारला. घडी तिची, गठ्ठा तिने बांधलेला, मी फक्त एका बाजूने उचलला होता.

आम्ही धावत हॉलकडे गेलो. मावशीने काचेला नाक लावलं. खिडकीजवळच्या खाटेवर तीच चादर होती, पायांपासून डोक्यापर्यंत ओढलेली, आणि मधोमध लाल क्रूस.

तिने दार ढकललं. "अहो बाई, थांबा!" करत नर्स तिच्या मागे, आणि नर्सच्या मागे मी. खाटेशी उभी राहून मावशीने छताकडे पाहिलं.

"हे काय केलंस?" ती ओरडली. "माझी बहीण नेलीस, मी गप्प बसले. तुझी वस्त्रं धुतली, तुझ्या आजाऱ्यांच्या ओकाऱ्या धुतल्या. एवढं एक माणूस ठेवता आलं नाही तुला? आता मी कोणाकडे जाऊ? तुझ्याशिवाय कोण उरलंय मला? बोल की!"

हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग चादर हलली.

"अगं, किती ओरडतेस," आतून काकांचा आवाज आला. "आत्ता कुठे डोळा लागला होता."

झालं होतं ते असं. दुपारी काकांना दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. अंगावरची चादर भिजली, म्हणून नर्सने गठ्ठ्यातली हाताला लागली ती घातली. नर्स आमच्या धर्माची नव्हती. क्रूस बघून तिला वाटलं, चर्चची चादर आहे, आशीर्वादाची असेल. आणि डोळ्यांवर ऊन येतं म्हणून काकांनी ती डोक्यावरून ओढून घेतली.

मावशी खाटेच्या कडेवर बसली. आधी हसली, मग रडली, मग मानेवरचा घाम नीट पुसला नाही म्हणून काकांना रागावली. चादर काढायला गेलो तर काका सोडेनात. म्हणाले, ऊबदार आहे. मला इतकं हलकं वाटलं की आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मी खदखदून हसले. मावशीने मात्र डोळे मिटले होते आणि तिचे ओठ भराभर हलत होते. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, लवकर कसं संपणार?

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्यासाठी काचेपाशी कधीच कोणी येत नसे. त्यांनी कष्टाने मान वळवली.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं झालं असेल तर जरा माझ्यासाठीही ओरडाल का त्याच्यावर?"

मावशीने बाहीने डोळे पुसले आणि ती उठून त्यांच्या उशाशी जाऊन बसली.

"आधी काय काय होतंय ते नीट सांगा," ती म्हणाली. "अर्धवट माहितीवर मी भांडत नाही."