लूमच्या खडखडाटातली तालीम

गणपतीत आमच्या मंडळाच्या नाटकात राजा, राक्षस आणि ऐनवेळी आजारी पडलेली राणीही मीच व्हायचो. पण दिघाशी गावातली माझी वहिनी ग्रामपंचायतीत निवडून आली आणि म्हणाली, "भावजी, मला सभेत बोलायला शिकवा," तेव्हा माझीच बोबडी वळली. मला सोंगं आणता येत होती. दुसऱ्याला शिकवायचं म्हटलं की आपल्याला काही येत नाही, असंच वाटायचं.

"तुमचा आवाज दादाला पुरतो की, वहिनी," म्हणत मी ते हसण्यावारी नेलं.

"हसा तुम्ही. शाळेचं मैदान गोदामाला चाललंय. मला न्हाय हसू येत."

सभेत ती उभी राहिली, पदराने घाम पुसला आणि खाली बसली. बाईच्या वतीने नवऱ्याने बोलायचं, या रिवाजाप्रमाणे दादा बोलला. त्याने मैदान देऊन टाकलं.

ओशाळून मी तिला भिवंडीत मित्राच्या कापड विणायच्या कारखान्यात नेलं. चोवीस लूम खडखडत होते. मी पार दुसऱ्या टोकाला जाऊन हात हलवला. मला ऐकू येईपर्यंत तिने बोलायचं, असं ठरलं होतं. चौथ्या दिवशी तिचं अख्खं वाक्य माझ्यापर्यंत आलं. म्हणजे मला शिकवता येत होतं तर.

पुढच्या सभेत ती अशी बोलली की दादाने मान खाली घातली. मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. खिडकीतून मैदानावरचे गोदामाचे खांब दिसत होते.

"जमलं की, वहिनी," मी म्हणालो.

"जमलं. पण एक सभा उशिरा, भावजी."