अज्ञात आजीची ओवी

सकाळी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एक ओवी आली. चित्रात जात्यावर बसलेली कुणी हसरी म्हातारी, आवाजामागे बासरीचे सूर आणि चित्राखाली लिहिलेलं, ‘एका अज्ञात आजीचा आवाज’. ऐकलं आणि हातातला चहा तसाच राहिला. आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा होता. अक्का जाऊन वर्ष झालं. वाल सोलता सोलता ती गात होती, तेव्हा मीच फोनवर टिपून घेऊन नात्यात पाठवलं होतं.

ओवी पाठवणाऱ्या शेजारच्या काकूंना विचारलं, “कुठून आली ही?”

“भाचीनं पाठवली. तिला कुणी पाठवली कोण जाणे.”

“ही माझी अक्का आहे.”

काकूंनी चित्र निरखलं. “पण तुमच्यासारखी दिसत नाही हो.”

कुणाच्या हातून तिचं नाव गळून पडलं असेल? मी पुन्हा ऐकलं. मध्येच गाणं थांबवून अक्का मला म्हणाली होती, “दूध बघ गं, उतू जाईल.” नेमकं तेवढंच कुणीतरी कापून टाकलं होतं.

माझा जुना फोन कधीच बंद पडला. नात्यातही ते मूळ रेकॉर्डिंग कुणाकडे उरलेलं नाही. त्या परक्या बाईच्या चित्रासकट मी ती ओवी सेव्ह केली.