दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी

श्यामकांत बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांच्या बायकोच्या, विनीताच्या नशिबी चोवीस तासांची शाखा आली. बदलीवर कोलकात्याला आलेला हा माणूस सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये कायमचा राहिला. खुर्ची गेली, पण हुकूम सोडायची खोड काही गेली नाही. दुधाच्या पिशवीपासून पडद्याच्या रंगापर्यंत सगळ्यात नाक खुपसून झालं, तेव्हा त्यांनी मराठी मंडळाच्या सभेत जाहीर केलं, "यंदा गणपतीच्या नैवेद्याच्या पाळ्या मोबाइल ॲपवर लागतील. ॲप मी बनवणार."

आजवर या पाळ्या सुचित्राताई फोनवरून लावत. कुणाची सून बाळंतीण आहे, कुणाकडे गोविंदभोग तांदळाची पिठी उरलीय, सगळं त्यांच्या डोक्यात. "असा कारभार आमच्या बँकेत खपला नसता," श्यामकांत म्हणाले. सुचित्राताई नुसत्या हसल्या. विनीताला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ॲप कसं बनवतात, याचा या गृहस्थांना गंधही नव्हता. नेटवरच्या फुकट शिकवणीचा पहिला धडा असा, की स्क्रीनवर एक बटण आणायचं आणि ते दाबलं की 'नमस्कार' उमटवायचा. "पोरखेळ!" म्हणून त्यांनी तो सोडला. मग दुसरा, तिसराही. थेट शेवटचे धडे उघडायचे, त्यातला कोड उचलून आपल्यात चिकटवायचा, आणि लाल अक्षरांत चुका आल्या की शिकवणाऱ्याची अक्कल काढायची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आणि इथे तर नवरदेव साठी उलटलेले. विनीता चहा ठेवून निघून जाई. कीव करण्याचे दिवस सरले होते, आता नुसता वीट आला होता.

तरी काहीतरी उभं राहिलं. त्यात श्यामकांतांनी बँकेतला लाडका नियम घातला. एकाने नोंद करायची, दुसऱ्या अधिकाऱ्याने ती मंजूर करायची. मोदकांनासुद्धा मंजुरी!

चतुर्थीच्या आधीच्या रविवारी सभागृहात सगळ्यांनी आपापली नावं घातली. प्रत्येकाच्या फोनवर एकच ओळ आली: 'दुसऱ्या अधिकाऱ्याच्या मंजुरीची प्रतीक्षा'. श्यामकांतांना स्वतःला मंजुरी देता येईना, कारण तसा नियम त्यांनीच घातला होता आणि तो काढायचा कसा, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"दुसरा अधिकारी कोण?" सुचित्राताईंनी विचारलं.

"अजून नेमला नाही. लायक माणूसच दिसला नाही."

"विनीता आहे की घरात."

"ही?" श्यामकांत मोठ्याने हसले. "हिला काय कळतंय त्यातलं!"

बाकी कुणी हसलं नाही. चहा येईपर्यंत सुचित्राताईंनी तोंडी पाळ्या लावूनही टाकल्या.

घरी आल्यावर श्यामकांत कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "विनीता, तुझंच नाव घालतो. तू फक्त 'मंजूर'वर बोट ठेव. निदान चालतं एवढं तरी दाखवू लोकांना. अगं, इज्जतीचा प्रश्न आहे."

चेहरा पार उतरला होता त्यांचा. विनीताने तो नीट पाहून घेतला.

"अहो, पस्तीस वर्षं तुमच्या प्रत्येक गोष्टीला 'मंजूर' म्हणत आले मी," ती म्हणाली, "आज चारचौघांत कळलं, माझ्या मंजुरीला तुमच्या लेखी किंमतच नव्हती. मग आता कशाला हवीय?"